शहराचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या माणसाला कामानिमित्त स्वर्णरेखा कितीदा तरी ओलांडावी लागते. ओलांडताना आपण नदीवरून जात आहोत हे मात्र पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. नदीचा तळ आणि दोन्ही काठ सिमेंटने बांधून काढण्यात आले. त्यामुळे पाणी जमिनीत मुरणे थांबले आणि पात्रातून शहराचे सांडपाणी वाहू लागले. हे काम कोणी दुष्ट हेतूने केले असे नाही. ज्यांनी नकाशे काढले ते शिकलेले लोक होते आणि शहर सुधारावे हीच त्यांची इच्छा होती. मग चूक कोठे झाली?

या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या इंदूर शहरात एका वयोवृद्ध स्कॉटिश गृहस्थाने देऊन ठेवले आहे. ते उत्तर त्याने पुस्तकात लिहिले, तसेच रस्त्यावर उतरून करूनही दाखविले. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. आज घरे आणि नगरे बांधणाऱ्यांच्या शाळांतून हे नाव आदराने घेतले जाते. आपल्या मंडळ्यांतून ते फारसे ऐकू येत नाही, म्हणून त्यांची जीवनकथा वाचकांपुढे ठेवीत आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर या गावी झाला. वडील सैन्यात नोकरी केलेले, शिस्तीचे आणि भाविक गृहस्थ. कुटुंब स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. पुढे हे कुटुंब पर्थ शहराजवळ टेकडीवरील एका लहानशा घरात राहावयास गेले. घराभोवती बाग होती. वडिलांचे बोट धरून मुलगा बागेत आणि टेकड्यांवर हिंडत असे. पुढे आयुष्यभर त्याने जे काम केले, त्याचा पहिला धडा त्याला या बागेत मिळाला. रोप कोठे लावावे हे माळी ठरवितो खरे, पण ते तेथे जगेल की नाही हे माती, पाणी आणि ऊन ठरवितात. शहाणा माळी आधी त्यांना विचारतो.

मुलाने धर्मसेवेत जावे अशी घरच्यांची मनीषा होती. तसे घडले नाही. काही काळ बँकेत नोकरी केल्यावर तरुण पॅट्रिक लंडनला गेला आणि थॉमस हक्सले या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. पुढे ते उपासनेला नियमाने जाणारे राहिले नाहीत, हेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवू नये हे जे बालपणी घरी शिकले, ते त्यांच्या अंगातून कधीच गेले नाही.

१८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता त्यांच्या डोळ्यांना गंभीर विकार जडला. काही आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शक यंत्रावर डोळा लावून तासन्‌तास काम करणे कायमचे अवघड झाले. एका तरुण शास्त्रज्ञाचे आयुष्य येथेच संपावे असा हा आघात होता. गेडिस यांनी मात्र वाट बदलली. सूक्ष्म जंतू पाहता येत नसतील तर साध्या डोळ्यांना दिसणारे जीवन पाहावे, असे त्यांनी ठरविले. माणूस, त्याचे काम आणि त्याचे गाव यांचा परस्परांशी काय संबंध आहे, याचा ते अभ्यास करू लागले.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन या सुशील आणि कर्तबगार स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी एडिंबरो शहराचा जुना भाग अत्यंत वाईट अवस्थेत होता. एकेकाळी श्रीमंतांचे असलेले उंच दगडी वाडे पडके झाले होते आणि त्यांच्या एकेका खोलीत एकेक गरीब कुटुंब दाटीने राहत होते. श्रीमंत लोक नव्या वस्तीत निघून गेले होते. जुना भाग पाडून टाकावा असे पुष्कळांचे मत होते. गेडिस पतिपत्नींनी काय केले? त्यांनी आपले चांगले घर सोडले आणि जेम्स कोर्ट नावाच्या त्या गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी जिने धुतले, भिंतींना चुना दिला आणि खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. जे पार कोसळण्याच्या बेतात होते तेवढेच पाडले. पाडलेल्या जागी अंगण आणि बाग केली. उरलेले दुरुस्त केले. हळूहळू विद्यार्थ्यांची वसतिगृहे तेथे निघाली आणि वस्तीला पुन्हा जीव आला.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गेडिस हे पदवीधर वास्तुविशारद नव्हते. डंडी येथील महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. झाडाकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी शहराकडे वळविली. झाड आजारी दिसले म्हणून माळी ते मुळासकट उपटीत नाही. कीड कोठे लागली हे पाहतो, तेवढी फांदी छाटतो आणि मुळाशी खत घालतो. शहराचेही तसेच करावे, असे त्यांचे मत होते. आधी रोगाचे निदान, मग उपचार. आणि शस्त्रक्रिया करणे भागच पडले तर ती शक्य तितकी लहान. आज ज्याला पर्यावरणपूरक बांधकाम म्हणतात, त्याचे सार या साध्या विचारात आले आहे.

नगरांविषयी त्यांनी मोठ्या परिश्रमाने एक प्रदर्शन तयार केले होते. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते हिंदुस्थानास निघाले. सोबत थोरला मुलगा ॲलास्डेर होता. प्रदर्शनाचे नकाशे आणि चित्रे निराळ्या जहाजाने येत होती. महायुद्ध सुरू झाले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि अनेक वर्षांचे काम समुद्राच्या तळाशी गेले. इंग्लंडमधील मित्रांनी धावपळ करून नवे साहित्य पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले.

यानंतर अनेक शहरांनी आणि संस्थानांनी त्यांना सल्ल्यासाठी बोलाविले. आपल्या महाराष्ट्रातील ठाणे शहरावरही त्यांनी टिपण लिहिले. प्रत्येक ठिकाणी त्यांची रीत एकच असे. शहरात पोचल्यावर ते कचेरीत बसून नकाशा मागवीत नसत. भल्या पहाटे पायी निघत आणि गल्लीबोळ हिंडत. विहिरी, तळी, देवळे, मशिदी, बाजार, उकिरडे सर्व काही पाहत. कोणत्या ओट्यावर म्हातारे बसतात, बाया पाण्याला कोणत्या वाटेने जातात, सावली कोठे पडते, हे टिपून घेत. मगच कागदाला हात लावीत.

त्या काळी शहर सुधारण्याची रूढ पद्धत अगदी वेगळी होती. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती पाडायची आणि सरळ रुंद रस्ते काढायचे, हा अनेक शहरांतून मान्य झालेला उपाय होता. ज्यांची घरे पडत ते गरीब लोक दुसऱ्या वस्तीत जाऊन आणखी दाटी करीत. म्हणजे रोग बरा होत नसे, तो फक्त जागा बदलीत असे. गेडिस यांनी हे निर्भीडपणे दाखवून दिले. जुन्या गल्लीतील दोनचार पडकी घरे काढली, एखादा कोपरा रुंद केला आणि मोकळ्या जागेत झाड लावले, तर हवा आणि उजेड मिळतो, लोक आपल्या जागी राहतात आणि खर्चही पुष्कळच कमी येतो, असे ते आकडे मांडून पटवीत. डासांच्या भीतीने तळी आणि विहिरी बुजविण्यासही त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. विहिरी स्वच्छ ठेवा, नळाचे पाणी थांबले तर त्याच उपयोगी पडतील, असा त्यांचा सल्ला असे.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षाकडे वळू. ॲलास्डेर हिंदुस्थानातून परत जाऊन युद्धात सामील झाला होता. बलूनमधून शत्रूच्या हालचाली पाहणाऱ्या पथकात तो अधिकारी होता. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर तो मारला गेला. ही बातमी आली तेव्हा ॲनाबाई येथेच, हिंदुस्थानात, तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. ज्या मुलावर आईचा सारा जीव, त्याच्या मृत्यूची वार्ता तिला या अवस्थेत कशी सांगावी? गेडिस यांनी ती मनातच ठेवली. आपला मुलगा गेला हे न कळताच, जून १९१७ मध्ये कलकत्त्यास ॲनाबाईंनी प्राण सोडला. एकतीस वर्षांची सोबत संपली. दोन महिन्यांच्या आत पत्नी आणि पुत्र दोघेही गेले. त्या वेळी गेडिस बासष्ट वर्षांचे होते.

अशा प्रसंगी मनुष्य मायदेशी परततो, किंवा घराचे दार लावून बसतो. गेडिस इंदूरला गेले.

इंदूर ही होळकरांची राजधानी. तेव्हा तुकोजीराव होळकर तिसरे गादीवर होते. शहरात प्लेगची साथ होती. गेडिस नेहमीप्रमाणे पायी हिंडू लागले, तेव्हा लोक त्यांच्याकडे बोट दाखवून कुजबुजत आणि रागाने पाहत. चौकशी केल्यावर कळले, की हा म्हातारा साहेबच प्लेग घेऊन येतो असा लोकांचा समज झाला होता. त्यात लोकांचा दोष नव्हता. नकाशा घेऊन साहेब आला की मागोमाग घरे पडतात, हा त्यांचा अनुभव होता.

यावर गेडिस यांनी महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली. आपणास एका दिवसापुरते महाराज करावे! महाराजांनीही ती मान्य केली. मग शहरात दवंडी पिटविण्यात आली. दिवाळीत नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल. पण ती हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील लोकांनी आपली घरे सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. कचरा वाहून नेण्यासाठी गाड्या फुकट मिळतील.

मग काय विचारता! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. झाडलोट, सारवण आणि रंगसफेदी सुरू झाली. हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. उंदरांची बिळे उघडी पडली. प्लेगचा प्रसार उंदरांच्या पिसवांमुळे होतो हे तोपर्यंत सिद्ध झाले होते. तेव्हा ही केवळ शोभेची सफाई नव्हती.

मिरवणुकीत पुढे घाण आणि रोगराई यांचे भयंकर राक्षस होते आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून शहरातील सफाई कामगार आले. अंगावर स्वच्छ पांढरे कपडे, हातात फुलांनी सजविलेले नवे झाडू. ज्यांची सावलीही लोक टाळीत, ते त्या दिवशी राजमार्गाने सन्मानाने चालत होते. गेडिस यांनी त्यांना सर्वांदेखत आदराने नमस्कार केला. त्यांच्यामागे लक्ष्मीचा रथ, गवंडी, सुतार आणि इतर कारागीर, नव्या शहराचे नमुने आणि बागवान असे सारे होते. तुळशीची लहान लहान रोपे लोकांना वाटण्यात आली. शेवटी राक्षसांचे आणि उंदराचे दहन झाले.

त्यानंतर गेडिस रस्त्याने निघाले की मुले आनंदाने ओरडत त्यांच्यामागे धावत. साथ ओसरली. तिचा हंगामही संपत आला होता, तेव्हा सारे श्रेय वैद्याला देण्याचे कारण नाही. पण एक मोठी गोष्ट घडली होती. ज्या लोकांना साहेबाची भीती वाटत होती, त्यांनी आपले शहर आपल्या हातांनी झाडून काढले होते.

१९१८ मध्ये गेडिस यांनी इंदूर दरबारला दोन खंडांचा अहवाल सादर केला. नदी हा शहराचा दागिना आहे, तिचे गटार करू नका. काठाने बागा करा. शक्य तेथे सांडपाणी नदीत सोडण्याऐवजी बागांना आणि शेतांना द्या. जुन्या वस्तीची डागडुजी करा, असा त्याचा आशय होता. त्यातील काही अमलात आले, पुष्कळसे राहिले. पुढील काळात इंदूरच्या खान आणि सरस्वती या नद्यांचीही आपल्या स्वर्णरेखेसारखीच दशा झाली. तथापि बी मेले नव्हते. २०१७ पासून अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिले आले, आणि त्यासाठी घरोघरच्या लोकांनी ओला व सुका कचरा वेगळा करावा लागला. क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असे नव्हे. पण रहिवाशांना सोबत घेतल्यावाचून शहर स्वच्छ होत नाही, हा धडा पुन्हा एकदा खरा ठरला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र हा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे सुपुत्र गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात त्यांचा हात होता. पुढे तेच घुर्ये त्या विभागाचे प्रमुख झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडिस यांनी लिहिले. रवींद्रनाथ ठाकुरांशी त्यांचा स्नेह होता. १९२५ मध्ये तेल अवीव नगराचा आराखडाही त्यांनी तयार केला. प्रकृती बिघडल्यामुळे १९२४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले होते. अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे काढली. तेथेही ओसाड टेकडीवर बाग फुलविली आणि विद्यार्थ्यांसाठी घर उभारले. तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

प्रिय वाचकहो, नहेम्याचा वृत्तांत आपल्या परिचयाचा आहे. यरुशलेमेस पोचल्यावर त्याने लगेच सभा बोलाविली नाही. रात्री थोडी माणसे घेऊन तो पडक्या तटाभोवती फिरला आणि मोडतोड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. नंतरच तो बोलला. आणि काम सुरू झाले तेव्हा अनेकांनी आपापल्या घरासमोरचा तट दुरुस्त केला. गेडिस यांची रीत याहून वेगळी नव्हती.

आपल्या मंडळ्यांतून आज अनेक तरुण-तरुणी वास्तुविशारद आणि अभियंते होत आहेत. त्यांनी या चरित्रापासून काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे, कागदापूर्वी पाय. जागेवर सकाळी, भर दुपारी आणि पावसात उभे राहून पाहावे. ऊन कोठून येते, वारा कोठून, पाणी कोणीकडे वाहते, हे समजल्याशिवाय रेघ ओढू नये. दुसरी, जे उभे आहे त्याचा मान राखावा. ग्वाल्हेरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. येथील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, मधला चौक आणि जाळ्यांच्या खिडक्या यांनी हा उन्हाळा वीज नसताना सोसला. त्याच जागी सगळी काचेची इमारत उभी केली तर तिला थंड ठेवण्यासाठी दिवसभर यंत्रे चालवावी लागतात. जुनी भिंत दुरुस्त केली तर नवी वीट भाजण्याचा कोळसा वाचतो आणि सिमेंटही वाचते. तिसरी, पाण्याचा आणि मैल्याचा विचार शेवटी नव्हे, आरंभी करावा. छपरावरचे पाणी विहिरीत जावे, विहीर बुजवू नये, झाड वाचवून भिंत वळवावी. चौथी, जो त्या घरात राहणार आहे त्याला विचारावे, मग तो गिऱ्हाईक असो की झाडूवाला. आणि पाचवी, कमी खर्चाचा उपाय सांगण्यास लाजू नये, मग त्यात आपला मेहनताना कमी झाला तरी चालेल. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, हे मी जाणतो.

२०२१ मध्ये युनेस्कोच्या ऐतिहासिक नगर परिसराच्या उपक्रमात ओरछ्यासह ग्वाल्हेरचा समावेश झाला. म्हणजे आपल्या गल्ल्यांकडे आता जगाचे लक्ष आहे. स्वतः आपले लक्ष आहे का, हा खरा प्रश्न होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. हे चरित्र वर्गात सांगून झाल्यावर मुलांना घेऊन आपल्या मंदिराभोवती एक फेरी मारा. कोणते झाड किती जुने आहे, पावसाचे पाणी कोठे जाते, कोणती भिंत दुरुस्त होण्याजोगी आहे आणि परिसर कोण झाडतो, हे त्यांना पाहू द्या. जो झाडतो त्याचे नाव मुलांना ठाऊक आहे का, हे अवश्य विचारा.

पत्नी आणि पुत्र यांच्या वियोगाचे दुःख उरात घेऊन एक म्हातारा मनुष्य परक्या शहराच्या गल्ल्यांतून हिंडला. लोकांनी त्याला प्लेग आणणारा म्हटले. त्याने त्यांच्यावर राग धरला नाही. त्याने त्यांच्या हाती झाडू आणि तुळशीचे रोप दिले. घरे बांधणाऱ्याला उत्तम दगड आणि उत्तम नकाशा हवा असतो हे खरे. पण त्याआधी असे अंतःकरण हवे असते.